आत प्लेटच नव्हती

४ फेब्रुवारी

माझ्या मित्राचं, लंबूचं म्हणणं, रोज चार ओळी लिहीत जा. तो लागलाय त्या मोठ्या वर्कशॉपात प्रत्येकाला संध्याकाळी आपण काय काम केलं ते स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. "तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेवर कुणीतरी पाय दिल्यासारखं," असं फोनवर म्हणाला. "एप्रिलच्या सुरुवातीला इथे एक जागा निघतेय. शर्यतीच्या गाड्या आहेत, बाबा. जमिनीला चाटून पळणाऱ्या. तुझं नाव सांगून ठेवलंय. तोवर हात बसव."

म्हणून ही वही. शाळेत असताना मी पळवाटा सोडून काही शिकलो नाही, आता त्याचं व्याज भरतोय. लंबू असंही म्हणाला की वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून लिहायचं. तर धरतो.

मी एका गॅरेजात काम करतो. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. वरच्या मजल्यावर त्यांचं घर. त्यांना मूलबाळ नाही, एक खोली रिकामी होती, ती मला दिली. जेवणही काकूंच्या हातचंच. काकू म्हणजे उस्तादांची बायको. मला दोघंही भिंगरी म्हणतात, कारण माझ्या पायाला भिंगरी आहे. हे नाव मी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं होतं, म्हणजे नंतर मी फसवलं असं कुणी म्हणायला नको.

जेवताना दोघांना सांगून टाकलं की एप्रिलला मी चाललो. उस्ताद म्हणाले, "बरं." काकूंनी विचारलं, "अजून वाढू?" नको म्हटलं तरी वाढलं.

५ फेब्रुवारी

आज कमालच झाली. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी गाडी उभी आहे. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाची. एके काळी लाल असावी, आता भाजक्या विटेसारखी दिसते. मी आल्यापासून तिच्याकडे टक लावून आहे, पण उस्ताद ताडपत्रीचं टोक उचलू देत नव्हते. आज सकाळी स्वतःहून म्हणाले, "ती मागची उघडतोस का बघ."

मी म्हटलं, "खरंच?"

"उघड. पण नियम माहीत आहे ना?"

नियम असा की ज्याने यंत्र उघडलं त्यानेच ते मिटायचं. मधे दुसऱ्याने हात घालायचा नाही. कुठला नट कुठून आला हे उघडणाऱ्याच्या हाताला माहीत असतं, दुसऱ्याच्या डोक्याला नाही. उघडलेली गाडी तशीच टाकून कुणी हे गॅरेज सोडलेलं नाही, हे उस्ताद प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवतात. मला दोनदा ऐकवलं होतं.

"मिटेपर्यंत कुठे जायचं नाही," उस्ताद म्हणाले.

मी म्हटलं, "हात्तिच्या. एप्रिलला अजून केवढा अवकाश आहे." आणि टाळी दिली. उस्तादांनी टाळी घेतली, पण हात धरून ठेवला थोडा वेळ. ग्रीसने चिकटला असेल.

७ फेब्रुवारी

गिअरबॉक्स खाली उतरवला. आत बघतो तर क्लच प्लेटच नाही.

वाचणाऱ्यासाठी: इंजिन गरगर फिरतं, चाकांनाही फिरायचं असतं, आणि दोघांची गाठ घालून देते ती ही प्लेट. ताटलीएवढी गोल चकती, कडेला खरखरीत लायनिंग, मधोमध दात्यांचं भोक. त्या भोकात गिअरबॉक्सचा दांडा शिरतो. प्लेट नसेल तर इंजिन कितीही बोंबलो, गाडी जागची हलत नाही.

झिजलेली प्लेट मी पाहिली आहे, जळालेली पाहिली आहे, तुकडे झालेलीही पाहिली आहे. नसलेली पहिल्यांदाच पाहिली. बाकी सगळं जागच्या जागी, नट व्यवस्थित आवळलेले, आणि मधे नुसता वारा.

"उस्ताद, प्लेट कुणी काढली?"

"असेल कुणीतरी काढली."

"गाडी कुणाची आहे?"

"माझीच."

"मग तुम्हाला आठवत नाही?"

"वय झालं," उस्ताद म्हणाले. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या हातून अर्धा बशीत सांडला. म्हणाल्या, "झाकून ठेव ती परत. उघडी बरी नाही दिसत."

झाकतोय कसला. प्लेट आणायची, बसवायची, झालं. आठवड्याचं काम.

१२ फेब्रुवारी

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवाल्याने गाडीचं नाव ऐकून चष्मा कपाळावर चढवला. म्हणाला, "जिवंत आहे?" मी म्हटलं, शुद्धीवर आणतोय. त्याने दोनचार ठिकाणी फोन लावले. दूरच्या एका गोदामात एक नवी प्लेट पडून आहे म्हणे, डबासुद्धा फोडलेला नाही. मागवली.

उस्तादांना विचारूनच मागवली. म्हणाले, "गाडीच्या नावाने मागवलीस ना? मग झालं."

काकूंनी माझ्या खोलीला नवा पडदा लावलाय. मी काही मागितला नव्हता. आता दीड महिन्यासाठी कशाला उगाच.

२१ फेब्रुवारी

प्लेट आली. नवीकोरी, गाडीचं नाव डब्यावर छापलेलं. हात धुऊन उघडली.

बसत नाही.

बाहेरून माप बरोबर. कडेला केसाचाही फरक नाही. पण मधल्या भोकाला रुंद दाते आहेत, मोजकेच, आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावर बारीक बारीक, कंगव्यासारखे. दांडा आत शिरायला तयार नाही. तेल लावून बघितलं, फिरवून बघितलं, शेवटी हातोडी उचलली.

"हातोडीने बसतं ते बसलेलं नसतं," उस्ताद मागून म्हणाले.

"मग कशाने बसेल ते सांगा."

ते सरळ रेडिएटरकडे वळले. इतर वेळी एका नटावरून तासभर व्याख्यान देणारा माणूस. या गाडीपुढे त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. जुनी गाडी, जुना माणूस, विसरत असतील.

२४ फेब्रुवारी

आईचा फोन. एप्रिलला नव्या जागी जाणार म्हटल्यावर लगेच, "परत?" मग नेहमीची यादी वाचली. बटणांचं दुकान सोडलंस, बेकरी सोडलीस, बर्फाचा कारखाना तर तीन आठवड्यांत सोडलास. ताईने मागून आवाज टाकला, "त्याला म्हणावं, बर्फ तरी वितळायची वाट बघायचीस." दोघी हसल्या. मीही हसलो.

पण फोन ठेवल्यावर लागलं जरा. सगळीकडून मी अर्धं टाकून निघालोय हे खरं आहे. शाळेपासून. या गॅरेजात मात्र दुसरं वर्ष चालू आहे, एवढा मी कुठेच टिकलो नव्हतो. का टिकलो ते सांगता येत नाही. काम काही वेगळं नाही, ग्रीस सगळीकडे काळंच असतं.

यावेळी अर्धं टाकून जाणार नाही. ही गाडी चालवून दाखवीन आणि मग जाईन, उस्तादांच्या डोळ्यांदेखत. हे लिहून ठेवतोय म्हणजे पलटता येणार नाही.

२७ फेब्रुवारी

आज साबणाने काम केलं. एवढा जड गिअरबॉक्स घेऊन गावभर फिरणं शक्य नाही, म्हणून दांड्याचं टोक साबणाच्या वडीत दाबलं. दात्यांचा ठसा झक्क उमटला. वडी काकूंची होती. "अंगाला लावायच्या साबणाला ग्रीस लावणारा तूच पहिला," म्हणाल्या.

ठसा घेऊन भंगारवाल्या मावशींकडे गेलो. बाईंच्या वाड्यात गाड्यांची हाडं ढिगाने पडलेली, आणि मधे खुर्ची टाकून त्या अंडी सोलत बसलेल्या. वडी हातात घेतली, अंगठा फिरवला.

"ही शर्यतीच्या गाडीची म्हणतोस?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"मीच काढलाय ठसा, मावशी. माझ्या हातांनी."

"हाताने काढलास, डोळ्यांनी नाही बघितलास. अरे, हा पाववाल्यांच्या व्हॅनचा गिअरबॉक्स आहे. अशा चार व्हॅन माझ्याकडे मरायला आल्या आहेत. तुझ्या गाडीचं तोंड एकाचं आणि आतडी दुसऱ्याची." मग अंड्यावर मीठ घालत म्हणाल्या, "कुणीतरी कसबी माणसाने बसवलाय, एवढं नक्की. सहज जमायचं काम नाही ते."

म्हणजे कधीतरी जुना गिअरबॉक्स मोडला असणार आणि व्हॅनचा आणून जोडला असणार. गाडीच्या नावाने शंभर वर्षं मागवली असती तरी बसणारी प्लेट आली नसती. धावत गॅरेजात आलो. उस्ताद जेवत होते.

"उस्ताद, गिअरबॉक्स व्हॅनचा आहे!"

"असं?" म्हणाले आणि भात कालवत राहिले.

मला वाटलं होतं उठून उभे राहतील. काकू पाणी आणायला आत गेल्या, त्या जेवण संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पाणी मीच उठून घेतलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी जिना चढत होतो तर वर दोघांचं चाललेलं. मी पायरीवरच थांबलो. कुणाच्या भांडणात शिरायची मला सवय नाही, ऐकायची आहे.

उस्ताद म्हणत होते, "देऊन टाक आता. पोरगं वणवण फिरतंय."

काकू म्हणाल्या, "नाही देणार. दिलं की चाललाच तो."

"तो तसाही जाणार आहे."

"मग उघडायला कशाला लावलीत? तुमचीच अक्कल ना ती?"



माझ्या लक्षात आलं, हे कामाच्या दाखल्याचं चाललंय. नव्या वर्कशॉपला आधीच्या मालकाचा दाखला लागतो, लंबूने सांगितलं होतं, आणि मी परवाच तो मागितला होता. अक्षर काकूंचं चांगलं, म्हणून लिहिणार त्या. पण काकूंना दाखला द्यायला एवढं जड का जावं? मी त्यांचं काय वाकडं केलंय? साबण सोडला तर काही नाही.

६ मार्च

मावशींनी व्हॅनची एक प्लेट शोधून दिली. दांड्यावर सरकवली तर लोण्यात सुरी शिरावी तशी शिरली. आनंदाने शीळ घातली. मग फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर, धरून बघितली. कडेने बोटभर बाहेर येते.

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकीची कड बरोबर आणि पोट चूक, दुसरीचं पोट बरोबर आणि कड चूक.

आज वाटलं, टाकावी ताडपत्री आणि मोकळं व्हावं. कोण विचारणार आहे? कोर्टात तर खेचणार नाहीत. ताडपत्री हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात उस्ताद आले आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरून उभे राहिले, घालायला मदत करावी तसे. मला वाटलं, यांना आता बरं वाटेल. पण चेहरा तसा दिसेना. मीच टोक सोडलं.

"काय झालं?" म्हणाले.

"काही नाही. दोन्हींची मिळून एक प्लेट करतो."

तेव्हा मात्र उस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खिशातून काहीतरी काढलंय. "कुणी सांगितलं तुला असं?" म्हणाले.

"कुणी कशाला सांगायला हवं? दुसरा मार्गच कुठला आहे?"

१५ मार्च

लायनिंगवाल्याकडे दोन्ही प्लेटा नेल्या. हा माणूस दिवसभर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, ठोकतो आणि दिवसभर गातो, दोन्हींचा ताल वेगळा. व्हॅनच्या प्लेटचा मधला दात्यांचा भाग, म्हणजे हब, कापून काढला. नव्या प्लेटचा मधला भाग मोकळा केला. मी मध्य खुणावला, त्याने रिव्हेट मारले. दिसायला सुरेख. लायनिंगवाला म्हणाला, "या लग्नाला मी साक्षीदार, पण जबाबदारी मुलीकडच्यांची."

१९ मार्च

बसवली. गिअरबॉक्स चढवला. इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि हळूच क्लचवरचा पाय सोडला.

गाडीला हुडहुडी भरली. अशी थरथरली की आरसा निखळून माझ्या मांडीवर पडला. शेजारच्या बाकावरचे पाने खणखणत खाली. मी इंजिन बंद केलं. 

गिअरबॉक्स परत उतरवला. मध्य सरकलाय. केसभर, पण इंजिनाच्या वेगाला केस म्हणजे दोरखंड. पुन्हा रिव्हेट फोडायचे, पुन्हा मध्य धरायचा. आणि दुसऱ्यांदा तरी तो जागेवर राहील कशावरून? कशाला टेकवून धरायचा तेच समजत नाहीये.

उस्ताद म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मला असेल तर कुठली काख ते तरी सांगायचं. वर काकूंनी भांडं आपटलं.

२६ मार्च

दुसरा प्रयत्नही थरथरला. आधीपेक्षा कमी, पण थरथर म्हणजे थरथर.

लंबूचा फोन. इथे सिग्नल फक्त काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येतो, म्हणून तिथे उभं राहून बोललो. काकू भाजी चिरत होत्या.

"एक तारखेला सकाळी गेटवर हवास," लंबू म्हणाला. "नाहीतर दुसरा तयार आहे त्यांच्याकडे."

"गाडी मिटलेली नाही."

"कुठली गाडी? ती म्हातारी? अरे, टाक ना. आजवर काय काय टाकलंस, तेव्हा मुहूर्त बघितला होतास का?"

"म्हणूनच."

"म्हणजे?"

"म्हणजे मी उघडलीय, मी मिटणार. तोवर येत नाही. दे त्या दुसऱ्याला जागा."

लंबू मला काय काय म्हणाला ते वहीत लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, "अशी जागा परत निघायची नाही, एवढं समजतंय ना?" मी म्हटलं समजतंय. फोन ठेवला. शर्यतीच्या गाड्या मी लहानपणापासून भिंतीवर चिकटवत आलो. 

वळून बघितलं तर काकूंची सुरी थांबलेली.

"गेली का जागा?"

"गेली."

"एका प्लेटीपायी?"

"प्लेटीपायी नाही, काकू. शब्द दिला होता उस्तादांना."

काकूंनी चिरलेली भाजी तशीच ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बहुतेक कांदा असणार भाजीत.

२७ मार्च

आता हे वाचून कुणाला खरं वाटणार नाही.

सकाळी चहाला बसलो. काकूंनी समोर एक गाठोडं ठेवलं. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, जड. सोडलं. क्लच प्लेट. मधे बारीक दात्यांचं भोक.

"कुठे मिळाली?"

"कपाट आवरत होते, कपड्यांखाली सापडली."

उस्ताद चहाच्या कपात बघत होते.

मग काकूंनीच सांगितलं. तरुणपणी उस्ताद ही गाडी वाऱ्यासारखी हाकायचे. एकदा वळणावर एक भिंत आडवी आली. भिंत पडली, उस्ताद वाचले. त्या दिवशी काकूंनी त्यांच्याकडून प्लेट काढून घेतली आणि कपाटात ठेवली. "गाडी विकू नका म्हटलं, पण हलायची नाही. जवळच्या माणसाने घरात राहावं असं वाटलं, तर दुसरं करणार काय बाई?" आणि मग मला म्हणाल्या, "चुकलंच माझं."

मी म्हटलं, "त्यात कसली चूक? एवढ्या वर्षांची गोष्ट, विसरायला होतंच." बिचाऱ्यांना फारच वाईट वाटलेलं. मीच समजूत घातली.

नशीब तरी बघा. इतकी वर्षं कपाटात पडलेली प्लेट, पण गंजाचा ठिपका नाही. फडकं तेलाने ओलं होतं, तेलाला वासही ताजा होता. काही तेलं टिकतात अशी.

प्लेट उलटून बघितली आणि मी उडालोच. व्हॅनचा हब, गाडीची कड. दोन्हींची मिळून एक. मी जे करत होतो तेच कुणीतरी आधी करून ठेवलेलं.

"उस्ताद, ही तुम्ही केलीत?"

"हं."

"मग विसरलात कसे?"

"तू केलीस ना न सांगता?" उस्ताद म्हणाले. "बस तर मग."

लायनिंग वाळून भेगाळलंय, ती प्लेट आहे तशी चालणार नाही. पण हब आणि कड यांच्यामधे पितळेचं एक पातळ कडं बसवलंय. हब त्या कड्यात घट्ट बसतो, म्हणून मध्य सरकूच शकत नाही. नेमकं तेच मला सुचलं नव्हतं. ते कडं आणि हब काढून नव्या प्लेटला लावायचं. पण त्यासाठी जुनी फोडावी लागणार.

काकूंना विचारलं, "फोडू?"

त्यांनी प्लेटीवरून हात फिरवला. "फोड," म्हणाल्या. "ठेवून कुणाचं भलं झालंय."

२८ मार्च

सकाळपासून रिव्हेट. जुन्या प्लेटचे रिव्हेट ड्रिलने काढताना प्लेट हलत होती. उस्ताद आले आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. दुसऱ्याच्या उघडलेल्या कामाला हात लावताना त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं.

"आणि नियम?" मी म्हटलं.

"मी कुठे उघडतोय? धरतोय फक्त. आणि धरलेलं सोडायला शिकतोय, तू ड्रिलकडे बघ."

कडं सुटलं. लायनिंगवाल्याने गॅरेजात येऊन, गाणं बंद करून रिव्हेट मारले, म्हणजे गंभीर काम आहे हे त्यालाही कळलं. प्लेट दांड्यावर चढवून फिरवली. कड जराही डुलली नाही. आम्ही तिघं बघतच राहिलो, जणू दिव्यातली ज्योत बघतोय.

३० मार्च

गाडी चालली.

शेवटचा नट मी आवळला. उस्ताद शेजारी बसले. पाय सोडला आणि गाडीने रस्ता असा धरला जसं लहान मूल बोट धरतं. धक्का नाही, थरथर नाही. दुसरा, तिसरा. चौकापाशी पोचलो. चाचणीची गाडी आम्ही नेहमी तिथूनच वळवतो.

"वळवू?"

"कशाला?"

मग पुलापर्यंत गेलो. पुलावर चौथा टाकला. उस्ताद खिडकीबाहेर हात काढून बसले होते, पोरासारखे. मग तिथेच गाडी थांबवायला लावून म्हणाले, "तुझ्या त्या मित्राला फोन लाव. त्यांना म्हणावं, एक तारखेला येतोय."

"जागा गेली, उस्ताद. मी त्याला नाही म्हणून सांगितलंय."

"विचारायला काय जातं?"

लावला. लंबू म्हणाला, "त्यांना मी अजून काही सांगितलेलंच नाही. मला माहीत होतं तुझं डोकं ताळ्यावर यायला चार दिवस लागतात. ये मुकाट्याने."

मी पुलावरच नाचलो. उस्ताद हसले. मग बराच वेळ बोनेटला हात टेकून उभे राहिले. इतका वेळ बसून पाठ आखडली असेल.

१ एप्रिल

ही नव्या जागेतली पहिली नोंद.

काल सकाळी बसने निघणार होतो. खाली आलो तर माझी पिशवी गाडीत टाकलेली. उस्ताद म्हणाले, "लांबच्या रस्त्यावर प्लेट कशी चालते ते बघायला हवं. तूच चालव." मला पटलं. चाचणी तर व्हायलाच हवी.

काकू खाली आल्या नाहीत. खिडकीतून म्हणाल्या, "दाखला पिशवीत वरच ठेवलाय. जेवणही आहे. सगळं एकदम खाऊ नकोस." दाखला वाटेत वाचला. कामाबद्दल एकच ओळ आहे, बाकी सगळं मी काय खातो, काय खात नाही आणि सर्दी लवकर होते, असलं. असा दाखला कुणी देतं का? तो वर्कशॉपात दाखवायची लाज वाटली, म्हणून वहीतच ठेवलाय.

रस्ताभर गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. उस्ताद मधेच एकदा म्हणाले, "तिथे गिअर जोरात टाकायची सवय लागते पोरांना. तू लावून घेऊ नकोस." संध्याकाळी गेटवर पोचलो. मी उतरलो, ते माझ्या जागेवर सरकले. पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे, हात काळे आहेत." हात स्वच्छ होते.

गाडी निघाली. कान लावून ऐकत होतो, प्लेटने कसं पकडलं ते. मस्त पकडलं. पण थोडं पुढे जाऊन, वर्कशॉपच्या भिंतीच्या वळणाअलीकडे, गाडी थांबली. इंजिन चालू आणि गाडी उभी.  पिशवी टाकून धावलो.

"काय झालं? घसरतेय का? जळल्याचा वास येतोय?"

उस्ताद समोर काचेतून बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"नाही रे. पकडतेय. चांगली पकडतेय."

"मग थांबलात का?"

"इंजिन तापलंय जरा. निवू देतो. तू जा."

मी वाकून तापमानाचा काटा बघितला. मधोमध होता, जिथे असायला हवा तिथेच. म्हणजे तापलेलं इंजिन काटा दाखवत नाही. एवढा रस्ता आलो आणि माझ्या लक्षात कसं आलं नाही? गाडी चालती केली म्हणून मी मिरवत होतो, आणि काटा बिघडलेला.

रात्री खोलीवर पोचल्यावर काकूंना फोन केला, काट्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बिघडला असेल हो." म्हटलं, कुणाला हात लावू देऊ नका, सुट्टीला घरी आलो की मीच उघडून बघतो.